सोलापुरात पाण्याकाठी फोटो काढायला चांगल्या जागा कुठे मिळतील?

समुद्र नसला म्हणून काय झालं, तळी आहेत की! सुरुवात सिद्धेश्वर तलावापासूनच करा. तलावाच्या मधोमध मंदिर, पश्चिमेला भुईकोट किल्ला. म्हणजे संध्याकाळी मंदिराच्या बाजूला उभं राहिलात की सूर्य तटबंदीमागे उतरतो आणि बुरुजांच्या काळ्या आकृती छान मिळतात. सकाळी उलट करायचं, किल्ल्याच्या बाजूने मंदिर टिपायचं. वारा पडलेला असेल तर शिखराचं प्रतिबिंब जवळजवळ अख्खं येतं, त्यामुळे पहाटेच जा. उन्हाळ्यात दहानंतर कॅमेरा बाहेर काढण्यात काही अर्थ नाही. आपलं ऊन सगळं पांढरंफटक करून टाकतं.

संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला मात्र गर्दीची पर्वा न करता जाच. सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या), पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले (बंद बांधायच्या पारंपरिक अंगरख्यातले) मानकरी... त्या पांढऱ्यावर एक्सपोजर (फोटोत येणारा प्रकाश) थोडं वाढवून ठेवा, नाहीतर कपडे राखाडी दिसतील.

पक्षी हवे असतील तर हिवाळ्यात तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव. टेलिफोटो (दूरचं जवळ दाखवणारी) लेन्स नसेल तर पक्ष्यांचा नाद सोडा, नुसतं पाणी आणि आभाळ घ्या. कंबर तलावही आहे, वाटेत असाल तर थांबा.

नवीन जागा शोधायची माझी पद्धत साधी: नकाशाच्या सॅटेलाइट दृश्यात पाण्याचा काठ बघायचा, सूर्य कुठे उगवतो-मावळतो ते ताडायचं, मग आधी नुसत्या मोबाइलवर चक्कर मारून यायचं. काठावरच्या चहावाल्याला विचारलंत तर पक्षी कुठे बसतात तेही कळतं.