हिडकलच्या काठावरून: जाळ्याला जोडधंदा कोणता?

दादा, तुम्ही विचारलंय की हिडकल धरणातल्या मासेमारीवर आता घर चालत नाही, थोरला बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लागतोय, भावाचं शेततळं रिकामं पडलंय, तर जाळी विकून मोकळं व्हावं का? मी भोयाच्या घरातला. वीस-बावीस वर्षं याच पाण्यात कंडाळ, म्हणजे मासा अडकतो ते जाळं, टाकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विकू नका. आपलं घर एका धंद्यावर कधीच नव्हतं. आजोबा पालखीला खांदा द्यायचे, नदीला मासे धरायचे, आणि पाणी चढलं की घरात चुरमुऱ्या-फुटाण्यांची भट्टी पेटायची. पुढं धरणाचं पाणी मिळालं आणि आमच्या वडिलांनी भट्टी मोडली. तिथंच चुकलं असं मला वाटतं.

थोरल्याला खुशाल जाऊ द्या. महिन्याचा पगार घरात आला की उचल घ्यावी लागत नाही. मी बहिणीच्या लग्नाला एका व्यापाऱ्याकडून उचल घेतली, आणि पुढची चार वर्षं त्याच्याच काट्यावर, तो म्हणेल त्या भावानं मासा घातला. शेवटी ती फिटली बायकोच्या हातानं. तिनं रविवारी बेळगावात मासा कापून द्यायला सुरुवात केली.

टिळकवाडी-शहापूरच्या गिऱ्हाइकाला घरात खवलं नकोत, वास नको. बायको कटला मासा शेपटीकडून डोक्याकडे खरवडते, कल्ले काढते आणि पोट फाडताना पित्ताची पिशवी अलगद उचलते. ती फुटली की मासा कडू झालाच. डोकं रश्श्यासाठी वेगळं बांधून देते. कापून दिलेल्या किलोला जे मिळतं, ते काठावर व्यापाऱ्याला घालून कधी मिळालं नाही. पण बर्फात काटकसर करू नका. उन्हाळ्यात किलोला किलो बर्फ लागतो, थर आलटून पालटून. एकदा मी अर्ध्यावर भागवलं, दुपारपर्यंत अख्खी पेटी वाया गेली.

आता तळ्याचं. उन्हाळ्यात धरणात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्याबाहेर आलं की आटत्या धरणात मासा भरपूर लागतो, पण तो सगळ्यांनाच लागतो आणि भाव बसतो. उलट 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक बोटी बंद असतात. आंबोलीनं आणि चोर्ल्यानं चढून येणारी मासळी कमी होते, आणि त्याच दिवसांत बेळगावात आषाढ जोरात असतो, श्रावण लागायच्या आत प्रत्येकाला खाऊन घ्यायचं असतं. धरणा-नदीतला मासा तेव्हा अंड्यावर असतो. तो धरला तर पुढच्या वर्षी आपणच उपाशी, त्याला हात लावू नका. त्या दिवसांसाठी तळ्यातला मासा ठेवायचा.

म्हणजे ऑगस्टात बोटुकली, म्हणजे माशाची बोटाएवढी पिल्लं, सोडायची आणि वाढलेला मासा आषाढात काढायचा. दहा-अकरा महिन्यांत नीट खाणं मिळालं तर किलोच्या आसपास भरतो. जिरे, म्हणजे माशाची अगदी बारीक पिल्लं, स्वस्त म्हणून घेऊ नका, बहुतेक मरतं. कटला वर चरतो, रोहू मधे, मृगळ तळाशी, म्हणून तिन्ही मिसळून सोडा. गुंठ्याला 50 पुरे, दाटी केली की एकही वाढत नाही.

मीनुगारिके इलाख्यात, म्हणजे कर्नाटकाच्या मत्स्य खात्यात, चौकशी करा. 2020 साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुदान सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिलांना 60 टक्के ठेवलंय, म्हणून अर्ज वहिनींच्या नावानं करायचा विचार करा. मच्छीमारांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, बँकेत विचारा. व्यापाऱ्याच्या उचलीपेक्षा ते केव्हाही बरं. कागद कन्नडमध्ये असतात, धाकट्याला शाळेत कन्नड आहे ना, त्याला सोबत न्या आणि सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचून घ्या.

तळं किती गुंठ्यांचं आहे आणि चैत्रात त्यात किती हात पाणी उरतं, एवढं कळवा. बोटुकली, खाणं आणि बर्फ, सगळा हिशेब मांडून देतो.