चीनमध्ये नकाशावर आपण नदीत का दिसतो? हा डेटमचा फरक नव्हे

प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे की, शांघायमध्ये पुडाँग बाजूला, ह्वांगपू नदीजवळच्या हॉटेलात उतरलेले असताना गुगल नकाशावरचा निळा ठिपका त्यांना भर नदीत दिसत होता आणि उपग्रहचित्र लावले की तोच ठिपका बरोबर हॉटेलवर येत होता. तर हा जीपीएसचा दोष आहे, की चिनी सरकारने नकाशा मुद्दाम बिघडवला आहे, आणि भारतातही असे होते का? याच प्रश्नाला आलेल्या एका उत्तरात ‘प्रत्येक देशाचे डेटम (पृथ्वीचा आकार गृहीत धरून अक्षांश-रेखांश मोजण्याची आधारचौकट) वेगळे असते, त्यामुळे असा फरक पडतो’ असे ठामपणे लिहिलेले वाचले आणि राहवले नाही. नेमके हेच वाक्य मला २०१३ मध्ये माझ्या वरिष्ठांनी ऐकवले होते आणि त्या वाक्याची किंमत मी माझ्या वार्षिक मूल्यमापनात मोजलेली आहे.

आधी आपल्या ठिपक्याविषयी. जीपीएस निर्दोष आहे. तो डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक पद्धतीतले खरे अक्षांश-रेखांश देतो आणि गुगलचे उपग्रहचित्रही त्याच पद्धतीत बसवलेले आहे, म्हणून ती दोन्ही एकमेकांशी जुळतात. चीनमधले रस्ते, इमारती आणि नावे मात्र जीसीजे-०२ या पद्धतीत असतात. हे नाव तिथल्या सर्वेक्षण खात्याच्या चिनी नावाच्या आद्याक्षरांवरून आणि २००२ या सालावरून पडले आहे. या क्षेत्रात काम करणारी मंडळी तिला ‘मंगळावरचे अक्षांश-रेखांश’ म्हणतात. चीनमध्ये कंपन्यांनी प्रसिद्ध केलेला डिजिटल नकाशा या पद्धतीतून काढलेला असावा लागतो, आणि ही पद्धत म्हणजे खऱ्या जागेत सरकारी सूत्राने घातलेली गडबड आहे. शांघायमध्ये रस्ते खऱ्या जागेपासून सुमारे पावणेपाचशे मीटर आग्नेयेकडे सरकतात. आपला ठिपका खऱ्या जागी राहिला, खालचा कागद आग्नेयेला ओढला गेला, म्हणून आपण वायव्येला, म्हणजे नदीत, गेल्यासारखे दिसलात.

आता माझी हकीकत. पुण्यातील एका लहानशा कंपनीत मी तेव्हा जीआयएसचे, म्हणजे संगणकावर नकाशे तयार करून जुळवण्याचे, काम करीत होते. युरोपातील एका ग्राहकाची शांघाय आणि सुझौ परिसरात गोदामे होती. त्याच्या ट्रकांवर जीपीएस यंत्रे बसवलेली होती, आणि त्या ट्रकांच्या वाटा एका परवानाधारक चिनी पुरवठादाराकडून विकत घेतलेल्या रस्त्यांच्या लेयरवर (नकाशाच्या थरावर) बसवून मार्ग ठरवून देणे हे आमचे काम होते. ट्रकांच्या वाटा खऱ्या, रस्ते सरकवलेले. पहिल्याच दिवशी पडद्यावर दिसले की सगळे ट्रक शेतातून, तळ्यातून आणि घरांच्या छपरांवरून धावत आहेत.

आमचे सर टोपोशीटवर, म्हणजे भारतीय सर्वेक्षण खात्याच्या तपशीलवार नकाशांवर, वाढलेले. एव्हरेस्ट डेटमवरची जुनी टोपोशीट उपग्रहचित्राशी जुळवून घेण्यात त्यांचा हात धरणारा ऑफिसात कोणी नव्हता, आणि हे मी आजही मान्य करते. त्यांनी पुडाँगमधले बारा चौक निवडले, प्रत्येक ठिकाणचा फरक मोजला, त्याची सरासरी काढली आणि म्हणाले, “प्रत्येक देशाचं आपापलं डेटम असतं. सगळ्या लेयरला एवढी शिफ्ट दे आणि पुढे चल.” मी दिली. पुडाँगमध्ये रस्ते उपग्रहचित्रावर असे चपखल बसले की सरांनी चहा मागवला.

तपासणीचे काम माझ्याकडे होते, म्हणून मी शांघायपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या सुझौकडे वळले. हे कालव्यांचे शहर आहे. तिथे एका कालव्याच्या दोन्ही काठांनी उत्तर-दक्षिण असे दोन रस्ते जातात, मधल्या पाण्याची रुंदी वीसेक मीटर, आणि ग्राहकाच्या एका गोदामाचे फाटक पश्चिम काठावर. ट्रक रोज पश्चिम काठानेच येत होते. आमची सरकवलेली लेयर मात्र तिथे अजूनही पंधरा-सोळा मीटर पश्चिमेला झुकलेली होती. त्यामुळे पूर्व काठाचा रस्ता पाण्यावर येऊन ट्रकच्या वाटेला जास्त जवळचा ठरत होता आणि आमची प्रणाली प्रत्येक ट्रकला पूर्व काठावर चिकटवत होती. मग फाटकापाशी उभ्या असलेल्या ट्रकला ती सांगत होती की, पुढच्या पुलापर्यंत जा, कालवा ओलांडा आणि परत या.

मी सरांना दाखवले. ते म्हणाले, “पंधरा मीटर म्हणजे जीपीएसचा एरर, त्यात काय एवढं!” मी म्हणाले की, सर, जीपीएसचा एरर कधी इकडे पडतो, कधी तिकडे; इथे तीन आठवडे सगळे ट्रक एकाच बाजूला, एकाच अंतराने चुकत आहेत. त्यावर उत्तर आले की, मग सुझौला वेगळी शिफ्ट दे. तेव्हा मी जे बोलले ते बोलायला नको होते, असे मला नंतर पुष्कळांनी सांगितले: “प्रत्येक गावाला वेगळी शिफ्ट द्यायची असेल, तर ते डेटम कसलं, सर?”

दुसऱ्या दिवशी मी एक कागद करून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यावर रस्ते कुठे किती सरकतात याच्या तीनच ओळी होत्या. शांघाय: पूर्वेला सुमारे ४१० मीटर, दक्षिणेला सुमारे २३५. शेनझेन: पूर्वेला सुमारे ५००, दक्षिणेला सुमारे ३४०. बीजिंग: पूर्वेला सुमारे ५३०, आणि उत्तरेला सुमारे १५५. दक्षिणेकडची दोन शहरे दक्षिणेला सरकतात आणि राजधानी उत्तरेला सरकते! दोन डेटममधला फरकही ठिकाणागणिक बदलतो, हे मला ठाऊक आहे. पण तो संथपणे, एका दिशेने कलत जावा तसा बदलतो, कारण तो पृथ्वीच्या आकाराविषयीच्या दोन अंदाजांमधला फरक असतो. जीसीजेमधल्या फरकाला लाटा आहेत. त्याचे सूत्र त्या सुमारास फुटून इंटरनेटवर फिरत होते आणि ते उघडून पाहिले तर त्यात वेगवेगळ्या लांबीच्या साइन लाटा एकमेकींवर रचलेल्या दिसतात. त्यांतली सर्वांत आखूड रेखांशाच्या एक तृतीयांश अंशाची, म्हणजे तिथल्या अक्षांशावर जेमतेम तीसेक किलोमीटरची. पृथ्वीचा कोणताही आकार असली लाट निर्माण करीत नाही. ती कोणीतरी बसून घातलेली आहे, आणि ती एका सरासरी शिफ्टने काढता येऊ नये म्हणूनच घातलेली आहे. सरांनी कागदाची घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली.

मुदत जवळ आली होती, म्हणून काम एकाच शिफ्टने पाठवले गेले आणि दहा दिवसांत परत आले. ग्राहकाच्या पत्रात सुझौच्या त्याच फाटकाचे चित्र होते. मग एका संध्याकाळी मी त्या सूत्रावरून पायथॉनमध्ये वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. हे सूत्र खऱ्या जागेवरून खोटी जागा काढते. उलट जाण्यासाठी सरळ सूत्र नाही. म्हणून आधी एक जागा गृहीत धरायची, ती सूत्रातून काढायची, किती चुकली ते पाहायचे आणि तेवढी दुरुस्त करून पुन्हा काढायची. तीन-चार फेऱ्यांत चूक सेंटिमीटरच्या खाली जाते. सुझौचे सगळे ट्रक पश्चिम काठावर आले. काम मंजूर झाले. मार्चमध्ये माझ्या मूल्यमापनात ‘वरिष्ठांशी अनावश्यक वाद’ असा शेरा आला, आणि प्रोग्रॅमचा उल्लेख कुठेही नव्हता.

आता भारताविषयी, कारण सरांची गल्लत तिथूनच सुरू झाली होती. आपल्याकडे चीनसारखी लाट घालत नाहीत. आपली जुनी टोपोशीट १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या तेव्हाच्या अंदाजावर, आधारलेली आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रात ती जीपीएसच्या जागेपासून साधारण शंभर ते दीडशे मीटर हटलेली दिसतात. यात कोणाचा कावा नाही; दोनशे वर्षांपूर्वी साखळ्या आणि थिओडोलाइट (कोन मोजण्याचे यंत्र) घेऊन केलेल्या मोजणीचा तो वारसा आहे. मात्र एका पद्धतीतून दुसरीत जाण्याचे अधिकृत आकडे सर्वसामान्यांना वर्षानुवर्षे उपलब्ध नव्हते, आणि त्यामुळे सरांसारख्यांना चौक मोजून शिफ्ट काढण्याची सवय लागली. चीनचा रोग खोटे सांगण्याचा, तर आपला न सांगण्याचा. किनाऱ्यालगतच्या आणि सरहद्दीलगतच्या सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील टोपोशीट ‘प्रतिबंधित’ होती, म्हणजे अख्खे कोकण आणि सह्याद्रीचा पुष्कळसा घाटमाथा त्यात आला. त्यामुळे तिथल्या गडांच्या वाटा शोधणारी पोरे सहाव्या पिढीच्या झेरॉक्सवर भागवत असत, ज्यात समोच्च रेषा आणि चहाचे डाग यांत फरक करणे कठीण होते. आमच्याही ऑफिसात एक लोखंडी कपाट होते, त्याची किल्ली सरांकडे, आणि प्रत्येक शीटची नोंद रजिस्टरमध्ये. त्याच काळात कोणालाही तो परिसर गुगल अर्थवर झाडांसकट दिसत होता.

२००५ च्या नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि नागरिकांसाठी दुसरी, अशा दोन मालिका केल्या. २०१६ मध्ये एका विधेयकाचा मसुदा आला होता, ज्यात परवान्याशिवाय भूस्थानिक माहिती बाळगण्याला शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. सुदैवाने तो कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना मोकळीक मिळाली, आणि परदेशी कंपन्यांसाठी आडवी एक मीटर व उभी तीन मीटर अशी अचूकतेची मर्यादा राहिली. म्हणूनच २०१६ मध्ये नाकारलेले गुगलचे स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये आले ते भारतीय कंपन्यांनी गोळा केलेल्या चित्रांवर; पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुण्याबरोबर नाशिक आणि अहमदनगरही होते. बाकी देशाच्या सीमारेषा भारतातून पाहिल्यास वेगळ्या आणि बाहेरून पाहिल्यास वेगळ्या दिसतात, तो स्वतंत्र प्रश्न आहे. त्याला पुन्हा कोणी डेटम म्हणू नये.

हे सगळे सुरक्षेसाठी असते, असे सांगितले जाते. माझे मत स्पष्ट आहे: ज्यांच्यापासून लपवायचे, त्यांच्याकडे स्वतःचे उपग्रह आहेत, फसतो तो हॉटेलात उतरलेला पाहुणा आणि फाटकासमोर उभा असलेला ट्रकवाला. चिनी सरकारजवळ सीजीसीएस-२००० ही स्वतःची अचूक पद्धत आहेच, जी डब्ल्यूजीएस-८४ च्या अगदी जवळ आहे. म्हणजे त्यांना स्वतःला खरे ठाऊक आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या लाटेचा खरा उपयोग असा की, नकाशाचा धंदा परवानाधारक देशी कंपन्यांच्या हाती राहतो. बायदू या चिनी कंपनीने तर जीसीजेवर स्वतःची आणखी एक गडबड चढवून बीडी-०९ केले आहे, तेव्हा तिथून घेतलेले आकडे आणि इतरांचे आकडे एकत्र कालवू नयेत.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी सांगितलेले मीटर त्या त्या शहरातील एकेका जागेचे आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला ते थोडे वेगळे निघतील. हाँगकाँग आणि मकाव यांना ही पद्धत लागू नाही, त्यामुळे शेनझेनच्या सीमेवर रस्ते तुटल्यासारखे दिसतात. उलट रूपांतराचा प्रोग्रॅम आज कुठेही तयार मिळतो, पण चीनमध्ये बसून तो वापरणे किंवा हातातल्या यंत्राने जागांची नोंद करीत फिरणे टाळावे. तिथे विनापरवाना मोजणी हा गुन्हा आहे आणि परदेशी लोकांना त्याबद्दल दंड झालेले आहेत. आपण पुन्हा जाणार असाल, तर गाओदे हा चिनी नकाशा किंवा ॲपलचा नकाशा वापरावा. तिथे ठिपकाही रस्त्यांबरोबरच सरकवलेला असतो, त्यामुळे दोघे जुळतात.

सर आता निवृत्त आहेत. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, त्यांनी माझी ओळख करून देताना सांगितले, “हिनेच ते चीनचं डेटम सोडवलं.” मी जिलेबी खाली ठेवली आणि सुझौच्या कालव्यापासून पुन्हा सुरुवात केली. कागद अजून त्यांच्याकडे आहे म्हणे.