वाचकांचे प्रश्न : गेममधली गाडी खेळण्यातली का वाटते?

प्रश्न : ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये गेमसाठी एक सेडान बनवली. समोरचे, बाजूचे, वरचे आराखडे लावून रेषेवर रेष बसवली. तरी गाडी खेळण्यातली वाटते आणि दारांवर लाटा उठल्यासारख्या दिसतात. चूक कुठे असेल?

उत्तर : आधी चाक मोजा. नेटवर मिळणारे आराखडे पुष्कळदा एकमेकांशीच जुळत नाहीत. म्हणून कंपनीने दिलेली लांबी, रुंदी, उंची आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) घेऊन एक ठोकळा करा आणि चित्रं त्यात बसवा. टायरचा व्यास तर टायरवरच्या आकड्यांतून काढता येतो. २०५/५५ आर १६ म्हणजे रुंदी २०५ मिमी. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे ११२.७५ मिमी. रिम १६ इंच, म्हणजे ४०६.४ मिमी. भिंत वर एकदा आणि खाली एकदा धरली की व्यास ६३१.९ मिमी होतो. इथे दोन-तीन सेंटिमीटर चुकले तरी सगळी गाडी बुटकी किंवा फुगलेली वाटते.

लाटांचं कारण बहुधा जाळीत, म्हणजे बिंदू आणि चौकोन जोडून बनलेल्या मेशमध्ये सापडेल. सुरुवातीलाच खूप एज लूप (जाळीवरून सलग जाणाऱ्या कडांच्या रांगा) घातले की प्रत्येक बिंदू केसभर इकडेतिकडे होतो. नुसत्या राखाडी रंगात ते दिसत नाही, चकचकीत रंगावर लगेच उघडं पडतं. गाडीचा आकार डोळ्याला कळतो तो तिच्यावरून सरकणाऱ्या प्रतिबिंबातून, त्यामुळे खरी मेहनत इथेच घ्यायला हवी. दार, मडगार्ड, बोनेट यांच्या फटी सुरुवातीला विसरा. सगळी बाजू एकसंध, कमीत कमी चौकोनांत उभी करा, वर सबडिव्हिजन (चौकोन आपोआप विभागून पृष्ठ गुळगुळीत करणारी सोय) लावा आणि पट्टेदार मॅटकॅप (मॉडेलवर प्रतिबिंबासारखे पट्टे दाखवणारी सोय) चालू करून गाडी फिरवा. पट्टे दारावरून मडगार्डवर न अडखळता वाहायला हवेत. अडखळले तर तिथला लूप वाढवू नका, काढून बघा.

पट्टे सरळ झाले की या पृष्ठाची एक प्रत बाजूला ठेवा आणि मगच फटी कापा. कापलेल्या भागाला त्या प्रतीवर श्रिंकरॅप करा, म्हणजे तिच्या पृष्ठाला चिकटवून बसवा, नॉर्मल्सही (पृष्ठ कुठल्या दिशेला तोंड करून आहे ती माहिती) तिच्यावरूनच डेटा ट्रान्सफरने घ्या. दाराच्या मुठीसाठी खड्डा केला तरी भोवतीचा पत्रा चिंबत नाही.

फट साधारण ३ ते ५ मिमीची ठेवा आणि तिला खोली द्या. नुसती काळी रेघ ओढलेली लांबूनही कळते. पत्र्याची कड सुरीसारखी सोडू नका. खऱ्या दाराचा बाहेरचा पत्रा कडेला आत दुमडलेला असतो, म्हणून तिथे बारीक गोलाई येते आणि उजेडाची एक पातळ रेघ चमकते. ती रेघ नसली की गाडी प्लास्टिकची वाटू लागते.

प्रश्न : रंग खरा वाटण्यासाठी मेटॅलिक (धातूपणाचा ० ते १ आकडा) किती ठेवावं?

उत्तर : साध्या, चमकी नसलेल्या रंगाला ०. वरचा चकाकता थर वेगळा असतो, तो क्लिअर कोटने (पारदर्शक थराच्या सेटिंगने) द्या आणि त्याचा रफनेस (खरखरीतपणा) ०.०३ च्या आसपास ठेवा. मेटॅलिक रंगात चमकीचे कण खालच्या थरात राहतात, क्लिअर कोट मात्र गुळगुळीतच. टायर अगदी काळा करू नका. गडद राखाडी आणि रफनेस ०.८ ते ०.९ पुरतो. धूळ सगळीकडे सारखी फासू नका. चिखल चाकांच्या मागे उडतो, दगडांचे टवके बोनेटच्या पुढच्या कडेला पडतात आणि ब्रेकची काळी भुकटी पुढच्या रिमवर जास्त बसते, कारण ब्रेकचा भार पुढे जास्त येतो.

प्रश्न : गाडी अनरियल या गेम इंजिनमध्ये नेल्यावर चाकं हेलकावे खात फिरतात.

उत्तर : चाकाचा पिव्हट (ज्या बिंदूभोवती ते फिरतं तो) ॲक्सलच्या नेमक्या मध्यावर नाही. अनरियलमध्ये १ युनिट म्हणजे १ सेंटिमीटर, तेव्हा निर्यात करण्याआधी ब्लेंडरमध्ये स्केल अप्लाय केलं आहे का (बदललेलं माप मॉडेलमध्ये पक्कं केलं आहे का) तेही पाहा. ब्रेकची डिस्क चाकाबरोबर फिरते, पण कॅलिपर (डिस्क दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) फिरत नाही. पुढच्या चाकांचा कॅलिपर स्टिअरिंगबरोबर फक्त वळतो. त्यामुळे कॅलिपर चाकाच्या मेशमध्ये जोडू नका, वेगळा ठेवा.