पुलाखालच्या पोरांना सुया का वाटतात?

प्रश्न: ताई, माझं दादरला पुलाजवळ छोटं दुकान आहे. पुलाखाली काही पोरं राहतात, गर्दवाली (हेरॉइनची नशा करणारी). एका संस्थेचे लोक येऊन त्यांच्या जखमा बांधतात ते ठीक, पण वर नव्या सिरिंज पण देऊन जातात! ही नशेला मदतच झाली ना? त्यापेक्षा उचलून व्यसनमुक्ती केंद्रात का टाकत नाहीत? त्यातला एक पोरगा माझ्याकडे पाणी मागायला येतो, बोलायला चांगलाय, म्हणून जास्त वाईट वाटतं.

उत्तर: दादा, सुई नाही दिली तर तो टोचायचा थांबत नाही, बाजूच्याची वापरतो, आणि एचआयव्ही नि हिपॅटायटिस सी तिथूनच पसरतो. हे काम सरकारी आहे, नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) कार्यक्रमातलं, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात त्याला संरक्षण पण आहे. वापरलेल्या सुया ते परत घेतात, म्हणजे तुमच्या फुटपाथवर कमी पडतात.

आता उचलून टाकायचं. टर्की (नशा बंद झाल्यावरचा त्रास) लागली की अंग मोडतं, नाक गळतं, उलट्या-जुलाब होतात, ते कसंबसं निघतं, पण नंतर पोरगा परत त्याच पुलाखाली येतो कारण दुसरीकडे जागाच नसते, आणि मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते, तो जुन्याच मापाने घेतो आणि जीव जातो. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. त्याच्या मनाविरुद्ध नेलं तर ही भीती आणखी वाढते.

त्यापेक्षा ब्युप्रेनॉर्फिन हे औषध बघा. सरकारी ओएसटी सेंटरला (गर्दच्या जागी औषध देतात ते केंद्र) रोज जिभेखाली गोळी देतात, फुकट, टर्की लागत नाही आणि सुई हळूहळू सुटते. पण रोज जायचं म्हणजे नाक्यावरचं काम बुडतं, कागदपत्रं चोरीला गेलेली, हॉस्पिटलात वास येतो म्हणून हाकलतात. अशा वेळी तो संस्थेवाला (बऱ्याचदा स्वतः यातून बाहेर आलेला) सोबत जातो, केसपेपरच्या लाइनीत उभा राहतो, टीबीच्या गोळ्या चुकल्या तर शोधत येतो. पोरगा त्याच्यासोबत जातो कारण आधी त्याने सुई दिलेली असते, जखम धुतलेली असते. हिपॅटायटिस सी तर आता बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, सरकारी कार्यक्रमात फुकट, पण तपासणीपर्यंत कुणीतरी न्यायला पाहिजे ना.

तुम्ही पाणी देत रहा प्लीज. संस्थेवाले कधी येतात ते विचारून ठेवा, पोरगा तापलेला दिसला, टोचलेल्या जागी सूज दिसली तर सांगा. दारू पिणारा कुणी असेल तर त्याला एकदम बंद कर असं सांगू नका, रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की फिट येऊ शकते, जीव पण जातो, ते डॉक्टरच्या देखरेखीतच. आणि कुणी हलवून उठत नसेल, ओठ निळे, श्वास अगदी हळू, तर झोपलाय समजून सोडू नका, १०८ लावा, कुशीवर वळवा, श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या, अँब्युलन्स येईपर्यंत तिथेच थांबा. बाकी चौकशीला १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट आहे, तुम्ही स्वतः त्याच्यासाठी फोन केला तरी चालतो.