भिंतीला हात लावण्याआधी मालकांना विचार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, फोटोही नीट पाहिले. हॉल आणि स्वयंपाकघरातली भिंत काढायची, बाथरूमच्या लाद्या बदलायच्या, बेडरूममध्ये एसी बसवायचा. मालक नाशिकला असतात, त्यांना कळणार नाही, आणि कळलं तरी घर सुधारलंच आहे म्हटल्यावर रागावतील कशाला, असं तुझं म्हणणं. घर आपलंसं वाटावं ही तुझी इच्छा मला मनापासून पटते. पगारातला एवढा मोठा हिस्सा ज्या घरावर जातो, तिथे पाहुण्यासारखं का राहायचं? पण यातलं एकही काम गुपचूप करू नकोस. विचार, आणि लेखी विचार.

आधी तुझ्या हातातला कागद बघ. तुझा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे, अकरा महिन्यांचा. म्हणजे त्या घरात राहण्याची परवानगी तुला मिळाली आहे, घरावर हक्क मिळालेला नाही. अशा जवळपास प्रत्येक करारात ‘मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बदल करू नये’ असं कलम असतं. ते छापील मजकुरात दडलेलं असतं, म्हणून सही करताना कोणी वाचत नाही.

ते कलम तिथे का आलं, हे कळलं की मालकांचा राग येणार नाही. 1882 च्या इझमेंट कायद्याच्या कलम 60 प्रमाणे, परवानगीवर राहणाऱ्याने त्या परवानगीच्या आधारावर स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचं बांधकाम केलं असेल, तर मालकाला ती परवानगी मागे घेता येत नाही. तुझ्या मनात तसलं काही नाही, हे मला माहीत आहे. पण मालकाचा वकील त्याला पहिल्यांदा हीच भीती घालतो. त्यात मुंबईच्या मालकांची आठवण लांबची आहे. 1947 च्या भाडे कायद्याने जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून ठेवली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती जवळपास तिथेच राहिली. ज्यांच्या घरी हे घडलं, त्यांची मुलं-नातवंडं आज फ्लॅट भाड्याने देताना हात राखून देतात. तुझ्या हातोड्याचा आवाज त्यांना तुला ऐकू येतो त्याहून वेगळा ऐकू येतो.

गिरगावातल्या तुझ्या आजीच्या पागडीच्या खोलीचं उदाहरण तू दिलंस: तिथे पोटमाळा घातला, ओटा बांधला, कोणी काही बोललं नाही. ती गोष्टच निराळी. आजी खऱ्या अर्थाने भाडेकरू आहे, तिला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू होतो. त्यातही कलम 16 म्हणतं की मालकाच्या लेखी संमतीविना कायमचं बांधकाम केलं, तर त्या कारणावरून मालक जागा परत मागू शकतो. मात्र लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराची चिमणी ही कामं, जिथे लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केली, तर ती कायमचं बांधकाम धरली जात नाहीत. पोटमाळा या यादीत नाही. माळ्यांवरून लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत, तेव्हा आजीकडे संमतीचा कागद आहे का, हे एकदा विचारून घे. ही सवलत भाडेकरूला जागा सोडावी लागू नये म्हणून आहे. तुझ्या कराराचं कलम तिने पुसलं जात नाही.

आता तुझ्या भिंतीकडे येतो. फोटोत ती साडेचार इंची वाटते, म्हणजे बहुधा मधली आडोशाची भिंत. पण ‘बहुधा’वर भिंत पाडायची नसते. आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या इमारतीत वजन कॉलम-बीमवर असतं, जुन्या लोड बेअरिंग इमारतीत भिंतच वजन घेते, आणि टिचकी मारून हे ओळखता येत नाही. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तुमची इमारत तेवढी जुनी असेल तर सोसायटीच्या दप्तरात तो अहवाल असेल, आणि असलं काम करायचं तर सोसायटीची परवानगी लागतेच. तो अर्ज सभासदाने करायचा, म्हणजे मालकांनी. मी सोसायटीच्या कमिटीवर बरीच वर्षं होतो. रॅबिटच्या, म्हणजे पाडकामाच्या राड्यारोड्याच्या गोण्या खाली आल्या की वॉचमन विचारतो, सेक्रेटरी मालकाला फोन लावतो. नाशिकला कळायला संध्याकाळसुद्धा होत नाही. या कामाचा नाद सोड, असंच मी म्हणेन. अकरा महिन्यांच्या घरासाठी भिंत पाडू नये.

बाथरूमची मला जास्त काळजी वाटते, कारण तुला ते सगळ्यात किरकोळ काम वाटतंय. लादी ही वरची त्वचा झाली. तिच्याखाली मसाला, त्याखाली वॉटरप्रूफिंगचा थर, आणि मुंबईच्या बऱ्याच इमारतींत खाली घेतलेल्या स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. ब्रेकर लावून लाद्या उखडल्या की हा थर फुटतो. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भांड्याचा सांधा हलतो. काम झाल्यावर सगळं चकचकीत दिसतं, आणि दोन-तीन महिन्यांनी खालच्यांच्या छताला पिवळा डाग येतो. मग पोपडे, मग शॉर्टसर्किटची भीती. नीट काम करणारा ठेकेदार नवं वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून दोन दिवस ठेवतो आणि खालच्या घरी जाऊन छत बघून येतो, मगच लादी बसवतो. स्वस्तात करून देणारा हे करत नाही. आणि मालकांना न विचारता तू काम केलंस, तर त्या गळतीची सगळी जबाबदारी तुझ्या एकटीच्या गळ्यात पडते. पाइप आधीपासून कुजलेला असला तरी तुला ते सिद्ध करता येणार नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना त्रास होईल तो वेगळाच.

लाद्या घाणेरड्या दिसतात एवढाच प्रश्न असेल, तर सांध्यांमधला जुना ग्राउट खरवडून नवा भरून घे. बाथरूम निम्म्याने उजळतं. तेही मालकांना कळवून.

एसीला बहुतेक मालक हो म्हणतात. पण तीन गोष्टी आधी ठरव: स्वतंत्र वायर आणि 16 अँपिअरचा पॉइंट आहे का, मीटरचा मंजूर भार पुरेल का, आणि बाहेरचं युनिट कुठे टांगायला सोसायटी परवानगी देते. पाइपसाठी भिंतीला आरपार भोक पडतं, ते जाताना कोण बुजवणार तेही लिहून ठेव. नाहीतर पावसाळ्यात तिथूनच ओल येते.

जे सुटं आहे, ते मात्र बिनधास्त कर. पायावर उभं कपाट, चपलांचा रॅक, दांडी दाबून बसवायचे पडदे, अंथरायचं व्हिनाइल, दिवे. जाताना उचललं आणि भिंत होती तशी राहिली, तर कोणी विचारत नाही. ‘कायमचं बांधकाम’ कोणतं हे ठरवताना न्यायालयंसुद्धा हेच पाहतात: करणाऱ्याचा हेतू काय, वस्तू टिकाऊ किती, आणि जागेचं नुकसान न करता ती काढता येते का. खिळा किंवा ड्रिल मारायचा असला तर मात्र एक ओळ पाठवच, खास करून बाथरूम-स्वयंपाकघराच्या भिंतीत, कारण आत पाइप कुठून गेलाय हे मालकांनाच ठाऊक असतं.

विचारताना फोनवर बोल, पण नंतर मेसेज किंवा मेल टाक. काय करायचंय, कोण करणार, खर्च कोणाचा, जाताना ठेवायचं की काढून पूर्ववत करायचं, हे चारही मुद्दे त्यात हवेत. आजच्या अवस्थेचे फोटो जोड. त्यांचं उत्तर ‘ओके’ एवढंच आलं तरी जपून ठेव, आणि काम मोठं असेल तर सहीचं पत्र माग. ग्राउट, गळका नळ, कुजलेलं दार यांचा खर्च घरालाच लागतो, तेव्हा तो भाड्यातून वळता करून घ्या असं सरळ सुचव. यात ओशाळण्यासारखं काही नाही. ‘नाही’ आलं तर मात्र ते पाळ. वाटलं तर नव्या करारात ते काम घालून घे, किंवा दुसरं घर बघ.

आज रात्री कराराच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, शेवटची सामानाची यादी धरून. बदलांचं आणि डिपॉझिटचं कलम मी वाचतो. रविवारी आपण दोघं मिळून मालकांना लिहायचा मेसेज तयार करू. तोवर ठेकेदाराला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
काका