पाडव्याच्या रात्रीचं आकाश आणि ढगांतली गलबतं

प्रश्न : ताई, नमस्कार. २०२२ च्या पाडव्याला सांजच्याला आम्ही घरच्या सगळ्यांनी अंगणातून आकाशात जळत जाणारी ती रांग पाहिली. नंतर लाडबोरी गावात पडलेली लोखंडी कडी पाहायलाही गेलो होतो. रॉकेटचा तुकडा होता हे पटलं. पण माझी मुलगी आता बारावीत आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून ती म्हणते, उडत्या तबकड्या परग्रहावरून येतच नाहीत. त्या दुसऱ्या मितीतल्या शक्ती आहेत, जुने लोक त्यांनाच भूत, वेताळ, जिन्न म्हणत, आणि मोठे शास्त्रज्ञही हे मानतात. मागच्या महिन्यात पहाटे तिला जाग आली तर हातपाय हलेनात, पायथ्याशी कुणी उभं आहे असं वाटलं. तेव्हापासून एवढ्या उकाड्यातही ती बाहेर बाजेवर झोपत नाही. शास्त्रज्ञ खरंच असं म्हणतात का? तिला काय सांगू?
— एक शेतकरी वाचक, सिंदेवाही तालुका

उत्तर : भाऊ, नमस्कार. तुमच्या मुलीला खोटं ठरवून सुरुवात करू नका, कारण तिनं ऐकलंय त्यात तथ्य आहे. असं म्हणणारे अभ्यासक खरोखर झाले. जाक व्हाले हे मूळचे फ्रान्सचे, खगोलशास्त्र शिकलेले, पुढे अमेरिकेत संगणकक्षेत्रात गेलेले. त्यांनी १९६९ मध्ये एक पुस्तक लिहून जुन्या पऱ्यांच्या, यक्षांच्या गोष्टी आणि तबकड्यांच्या हकिकती शेजारी शेजारी मांडल्या. वरून येणारा प्रकाश, ठेंगणी माणसं, त्यांनी दिलेलं खाणं, हरवलेला वेळ, सगळं जुळत होतं. परग्रहावरून पाहणी करायला आलेल्यांना इतक्या हजारो वेळा उतरायची गरज काय, आणि त्यांचं शरीर आपल्यासारखंच कसं, हा त्यांचा सवाल होता. तो मला आजही रास्त वाटतो. जॉन कील या पत्रकारानं १९७० मध्ये याच वाटेनं पुढे जाऊन भुतं आणि तबकड्या एकाच खात्यात टाकल्या. जे. ॲलन हायनेक तर अमेरिकी हवाई दलाचे खगोलशास्त्रीय सल्लागार. त्या हवाई दलाच्या प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या, त्यातल्या ७०१ ओळखता आल्या नाहीत. परग्रहाचं उत्तर पुरेसं नाही असं हायनेकनाही उतारवयात वाटू लागलं होतं.

गोष्टी एकाच साच्यातल्या आहेत हे व्हाले यांचं निरीक्षण मी मान्य करते. माझं भांडण त्यापुढच्या उडीशी आहे. साचा जुना आहे म्हणून आकाशात काहीतरी जुनं वावरतंय, असं त्यातून निघत नाही.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून व्हाले यांचंच एक उदाहरण देते. सन ८१५ च्या सुमाराला फ्रान्समधल्या ल्यों शहरी आगोबार नावाचे मुख्य धर्मगुरू होते. तिथल्या लोकांची समजूत अशी की ढगांतून गलबतं येतात, गारपिटीनं झोडपलेलं पीक भरून घेतात आणि मागोनिया नावाच्या देशात नेतात. एकदा जमावानं तीन पुरुष आणि एक बाई अशा चौघांना साखळदंडात बांधून आणलं. हे त्या गलबतांतून खाली पडलेत, यांना दगडांनी ठेचून मारायचं, असं ठरलं होतं. आगोबार मध्ये पडले, लोकांशी वाद घातला, आणि ती माणसं वाचली. व्हाले यांनी आपल्या पुस्तकाच्या नावात हे मागोनिया घेतलं. पण आगोबार यांनी हा सगळा प्रसंग लिहिला तो त्या समजुतीच्या विरोधात. गारांनी आडवं झालेलं शिवार तुम्ही पाहिलंय. त्या दिवशी माणसाला कुणाला तरी धरावंसं वाटतं, हे मी तुम्हाला काय सांगावं! मागोनियाची गोष्ट वाचताना माझं लक्ष ढगांकडे जात नाही, त्या साखळदंडातल्या बाईकडे जातं.

आता तुमच्या पाडव्याच्या रात्रीकडे येऊ. २ एप्रिल २०२२ ला जळत गेला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असं अंतराळातल्या कचऱ्यावर लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासकांनी सांगितलं. अशीच रांग ३ मार्च १९६८ च्या रात्री अमेरिकेतल्या लोकांनी पाहिली होती. ते सोव्हिएत संघाच्या झोंड ४ या यानाच्या मोहिमेचे जळते अवशेष होते. पुष्कळांनी दिसलं तेच सांगितलं : सुटे तुकडे, मागे सोनेरी शेपट्या. पण काहींना चिरुटाच्या आकाराचं एकसंध यान दिसलं, त्याला उजेड असलेल्या चौकोनी खिडक्या, वर रिव्हेट मारलेले पत्रे, आणि ते झाडांच्या शेंड्यांइतकं खाली. आपली कुत्री भेदरून विव्हळू लागली असंही एका बाईंनी कळवलं. प्रत्यक्षात ते तुकडे एकमेकांपासून सुटे, कितीतरी किलोमीटर उंचावर होते. ही माणसं खोटारडी नव्हती. अंधारात एका चालीनं सरकणारे ठिपके दिसले की मधली काळी जागा आपलं मनच भरून काढतं, आणि जे नाव तयार असेल त्याच नावानं भरतं.

हे मी माझ्या घरात पाहिलंय. मी सिंधुदुर्गातली. नऊ वर्षांची असताना मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी दिव्यांची रांग दिसली. दिवे डुलत चालले होते, मध्येच दोन विझायचे, पुढे तीन पेटायचे. आजीनं खिडकी लावली आणि माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. वेताळाची पालखी निघाली की बघायचं नसतं, म्हणाली. तिचा हात थरथरत होता तो अजून आठवतो. तीन वर्षांनी, त्याच दिवसांत, चुलतभाऊ मला त्या रांगेत घेऊन गेला. गावातलीच माणसं होती, हातात झावळ्यांच्या पेटत्या चुडी आणि दोन गॅसबत्त्या, चढणीचे मासे आणि कुर्ल्या धरायला निघालेली. मेरेच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, आड गेलं की दिवा विझल्यासारखा दिसायचा. रॉकेलचा वास, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि डब्यात एकमेकींवर चढणाऱ्या कुर्ल्यांची खरखर. आजी खोटं बोलली नव्हती. दिवे खरे होते, रांग खरी होती. तिच्यापाशी नाव वेताळाचं होतं, म्हणून तिनं ते दिलं.

तबकडीचं नावही असंच आलं. २४ जून १९४७ ला केनेथ अरनॉल्ड हा वैमानिक माउंट रेनियर पर्वताजवळून विमान नेत होता. त्याला चमकणाऱ्या नऊ वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असं त्यानं सांगितलं. आपण चपटा दगड फेकून पाण्यावर भाकऱ्या काढतो, तशीच ती चाल. तो चालीबद्दल बोलत होता. वर्तमानपत्रांनी बशी हाच आकार करून टाकला आणि पुढे जगभर लोकांना बश्याच दिसू लागल्या.

‘दुसरी मिती’ या उत्तराबद्दल माझी खरी तक्रार अशी की त्यात तपासायला काही उरतच नाही. दिसली तर ती शक्ती प्रकटली, नाही दिसली तर लपली, पुरावा मिळाला नाही तर तिनंच पुसला. लाडबोरीच्या कडीपर्यंत तुम्ही चालत गेलात. आठ-दहा फुटांची ती कडी मोजता येत होती, उचलता येत होती, पोलीस ठाण्यात नेऊन ठेवता येत होती, आणि कुठल्या रॉकेटची हे विचारता येत होतं. तुमच्या मुलीनंही ती पाहिली असेल, तर तिला त्या दिवसाची आठवण करून द्या.

पहाटेच्या प्रकाराला मात्र मी सगळ्यात जास्त महत्त्व देते, कारण भीती तिथे बसली आहे. स्वप्नांच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून देतो, नाहीतर आपण स्वप्नातलं धावणं अंथरुणातच धावलो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू काही क्षण मागे राहतात. माणूस जागा असतो, हलता येत नाही, छातीवर दाब वाटतो, खोलीत कुणी आहे याची पक्की खात्री वाटते. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. आपल्याकडे छातीवर भूत बसलं म्हणत. परग्रहवासीयांनी उचलून नेलं असं सांगणाऱ्या अमेरिकेतल्या कित्येक हकिकती नेमक्या इथूनच सुरू होतात. बारावीचं वर्ष, अपुरी झोप, रात्री उशिरापर्यंत मोबाइल, उताणं झोपणं, यांनी हे वाढतं. तिला हे नाव आणि कारण दोन्ही सांगा. पुन्हा पुन्हा होऊ लागलं तर डॉक्टरांना दाखवा, अंगारे-धुपारे करू नका.

आणि तिला आकाश परत मिळवून द्या. एक वही घ्या. हात सरळ लांब केला की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. प्रकाश दिसला की क्षितिजापासून किती मुठी वर, कुठल्या दिशेला, किती वाजता आणि किती वेळ, एवढं लिहायचं. नाव लगेच द्यायचं नाही. अंधार पडल्यावर पहिल्या तास-दीड तासात न लुकलुकता, एका चालीनं जाणारे ठिपके दिसतील आणि मध्येच विझतील. ते उपग्रह, पृथ्वीच्या सावलीत शिरले. मण्यांच्या माळेसारखी सरळ रांग दिसली तर बहुधा नुकतेच सोडलेले स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे उपग्रह. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. तुमच्या पाडव्याच्या रांगेसारखे रॉकेटचे अवशेष संथ, तुटत, मिनिटभरही जाताना दिसतात. वहीत एखादी नोंद अशी राहील जी कशातच बसणार नाही. तिच्यापुढे ‘ओळखलं नाही’ एवढंच लिहू दे, आणि ते पान मला पाठवू दे. मी मनापासून वाचेन.

पहिल्या रात्री तुमची बाज तिच्या बाजेला लावून टाका.