कोरड्या कुरणावर नुसता मका अंगी का लागत नाही

तुमची अडचण अशी: ब्राझीलमधल्या मातो ग्रोसोत मरांडू गवताचं कुरण, त्यावर ३५० किलोचे खच्ची केलेले नेलोरे गोऱ्हे. जुलै चालू आहे, म्हणजे तिथला कोरडा हंगाम. डोई दीड किलो मक्याचा भरडा जातो, तरी वजन जेमतेम जागेवर, आणि गवत मात्र आधीपेक्षा जास्त उरतंय.

उरणारच. मका गवताच्या जोडीला नाही, गवताच्या जागी जातोय.

हिशेब मांडून बघा. वाळलेल्या मरांडूत प्रथिनं ४ टक्क्यांच्या आसपास. गोऱ्हा दिवसाला साडेसहा किलो शुष्क चारा खातो असं धरलं, तर त्यातून मिळतात २६० ग्रॅम. चाऱ्यातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) जिवाणूंना नत्र पुरत नाही, तंतू फुटायला वेळ लागतो, पोट रिकामं होत नाही, म्हणून जनावर खातही कमी. अशा वेळी मका टाकला की असलेलं थोडं नत्र स्टार्च खाणारे जिवाणू आधी उचलतात. जास्त भरडा एकदम खाल्ला तर आम्लता वाढते आणि तंतू पचवणारे आणखी मागे पडतात. चाऱ्यातल्या एकूण पचनीय घटकांच्या टक्क्यांना प्रथिनांच्या टक्क्यांनी भागा. उत्तर ७ च्या वर आलं तर प्रथिनांची भूक आहे असं समजा. तुमच्या गवताचं येतं १२ च्या वर. मक्याचंही ९ च्या वर! तूट भरायला तूटच घातली. ज्वारीच्या कडब्यावरच्या बैलाला भरड्याआधी सरकी पेंड दाखवतात ती याचसाठी.

गवताचा नमुना विळ्याने बुडापासून कापून तपासला असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. जनावर पान निवडून खातं. ते खातं तसं हाताने खुडून पाठवा.

सध्या नुसता मका थांबवा आणि हे मिश्रण करा, १०० किलोसाठी: मक्याचा भरडा ३७, सोयाबीन पेंड ३०, युरिया ९, अमोनियम सल्फेट १, मीठ १३, खनिज मिश्रण १०. प्रथिनं सुमारे ४३ टक्के पडतात, त्यातली निम्म्याहून जास्त युरियाची. डोई ३५० ते ४०० ग्रॅम, म्हणजे किलो वजनामागे ग्रॅमभर. सल्फेट वगळू नका, गंधकाशिवाय जिवाणूंना त्या नत्राची प्रथिनं बांधता येत नाहीत. मीठ इथे चवीला नाही, खाणं आवरायला आहे: जास्त खाल्लं तर मीठ वाढवा, शिवलंच नाही तर कमी करा. कच्चं सोयाबीन भरडून वापरायचा मोह टाळा, त्यातलं युरिएज हे विकर युरियाचा झपाट्याने अमोनिया करतं.

युरिया हळूहळू चढवा. पहिल्या आठवड्यात तिसरा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात पूर्ण. मध्ये दोन-तीन दिवस गव्हाण रिकामी राहिली तर पुन्हा पहिल्यापासून. सुटीनंतर भुकेलं जनावर तुटून पडतं, तिथेच घात होतो. गव्हाणीवर छप्पर, बुडाला भोकं, एका बाजूला किंचित उतार. जुलैत तिथे पाऊस नाही म्हणून हे राहून जातं आणि सप्टेंबरच्या पहिल्या सरीत तळाशी युरियाचं पाणी साचतं. ते प्यायलेलं जनावर अर्ध्या तासातही थरथरायला, फेस गाळायला, फुगायला लागू शकतं. डॉक्टर येईपर्यंत ३ ते ४ लिटर व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी नळीने पोटात घाला. व्हिनेगरचे कॅन आधीच आणून ठेवा, त्या वेळी दुकान शोधायला वेळ नसतो.

परिणाम काट्याआधी शेणात दिसतो. आत्ता ते कडक, थरावर थर चढलेलं पडत असेल. दहा-पंधरा दिवसांत पसरट आणि मऊ व्हायला हवं. तसं झालं तर रोज २०० ते ३०० ग्रॅम वाढीची अपेक्षा ठेवता येते, पण कुरणात गवत उभं असेल तरच. पावसाळ्याच्या शेवटी एखादा वाफा बंद ठेवून गवत राखलेलं नसेल तर कुठलीही पेंड उपयोगाची नाही.

मक्याची वेळ येते पावसाळ्यात. हिरव्या पानात प्रथिनं १२ टक्क्यांच्या पुढे गेली की उलटं होतं, नत्र भरपूर आणि ऊर्जा तोकडी. तेव्हा वजनाच्या ०.३ ते ०.५ टक्के, म्हणजे एक ते पावणेदोन किलो ऊर्जा खुराक द्या. तिथला मका बहुतेक कठीण दाण्याचा, अख्खा किंवा जाडाभरडा दिला तर शेणात दाणे दिसतात, बारीक दळा. सोयाबीनची टरफलं स्वस्त मिळत असतील तर अर्ध्या मक्याऐवजी तीच घाला, त्यात स्टार्च नसल्यासारखाच, म्हणून गवताच्या पचनाला धक्का लागत नाही. हा खुराक दुपारी टाका. सकाळी टाकलात तर गुरं चरायची सोडून गव्हाणीपाशी ताटकळत बसतात. जागा डोई निदान ४० सेंटीमीटर, नाहीतर दांडगी चार दुप्पट खातात आणि बुजरी तशीच राहतात.